दहा जणांचे टेबल

रविवार, दिनांक ९ मार्च. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. एका शांत उपनगरातल्या उपाहारगृहाच्या दारात दहा माणसे उभी होती: तीन वृद्ध, चार मध्यमवयीन आणि तीन मुले. मध्यमवयीनांपैकी दोघे सख्खे भाऊबहीण होते. गेली चार वर्षे ते एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आत्ताही ते फूटपाथच्या दोन टोकांना, म्हणजे फूटपाथ जितका लांब होता तितके लांब उभे होते.

त्यांचे वडील एका यंत्रकारखान्याच्या तपासणी विभागात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना सगळे तपासनीसच म्हणत. मुलगी, जावई, विहीणबाई आणि नऊ वर्षांची नात मंगळवारी दूरदेशी जाणार होती, ती पाच वर्षांसाठी. तपासनिसांच्या पत्नीने त्याआधी एकच मागणे मागितले होते.

"माझी दोन्ही पोरं एका टेबलाशी बसून जेवताना मला बघायची आहेत," ती म्हणाली होती. "घरी वहिनी आहे म्हणून ही येणार नाही. हिच्याकडे तो जाणार नाही. तेव्हा अहो, बाहेर कुठंतरी बघा. पोराबाळांना घेऊन बसता येईल अशी साधी जागा. फार डोकं लावू नका."

शेवटची सूचना तपासनिसांनी मनावर घेतली नाही. त्यांनी तीन आठवडे उपनगरातल्या प्रत्येक कुटुंबयोग्य उपाहारगृहाची पाहणी केली. मोजपट्टी, सपाटी जोखायची पाणसळ आणि आवाज मोजण्याचे यंत्र पिशवीत घालून ते भर दुपारी जात, एक कप चहा मागवत आणि टेबलाखाली शिरत. मुलांच्या खुर्च्यांची स्थिरता, दारातल्या पायऱ्यांची उंची, हात धुण्याच्या जागेचे अंतर, गोंगाटाची पातळी, अशा बावीस बाबींना त्यांनी शंभरपैकी गुण दिले. ज्या ठिकाणाला सत्त्याऐंशी गुण पडले, त्याच्याच दारात दहाही माणसे आता उभी होती.

मालक दार उघडून बाहेर आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"या साहेब. सगळी पूर्तता केली आहे," तो म्हणाला. मग त्याने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांवरून नजर फिरवली. ती चार वर्षांच्या जुळ्या नातवांवर येऊन अडखळली. "यातले अधिकारी कोण कोण?"

"अधिकारी कोणी नाही. घरचीच माणसं आहेत. दहा जणांचं टेबल मी गुरुवारी सांगून ठेवलं होतं."

"तुम्ही दहा जण येणार म्हणालात. मला वाटलं, अख्खं कार्यालय येतंय तपासणीला."

"आणि टेबल?"

"कापलं."

"कापलं म्हणजे?"

"साहेब, तुम्हीच लिहून दिलं होतं," मालक म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आज्ञाधारक माणसाचा संताप होता. "मधोमध सहा मिलिमीटर झोळ. अयोग्य. मी सुतार बोलावला, त्याचे चार-चारचे दोन तुकडे केले आणि उरलेल्या फळीचं दोघांचं एक. तिन्ही जमिनीला बोल्टनं आवळली. आता काही केल्या हलत नाहीत."

येथे तपासनिसांच्या एका सवयीचा खुलासा करणे आवश्यक आहे. कारखान्यात कोणत्याही वस्तूची तपासणी झाली की त्रुटीपत्रक तीन प्रतींत काढले जाई. एक प्रत कचेरीला, एक तपासणाऱ्याला आणि एक संबंधित पक्षाला. निवृत्तीला अकरा वर्षे झाली तरी पत्रकांचे कोरे गठ्ठे त्यांच्याकडे शिल्लक होते. चहा संपला की त्यांनी प्रत्येक उपाहारगृहाच्या गल्ल्यावर संबंधित पक्षाची प्रत सौजन्याने ठेवली होती. तिच्यावर त्यांचे नाव नव्हते, कारण तपासणाऱ्याचे नाव पत्रकावर घालत नाहीत. खाली ठळक अक्षरांत एवढेच छापलेले होते: पूर्तता आठ दिवसांत करावी.

"मग चार, चार आणि दोन असे बसू," जावई म्हणाला. त्याला भूक लागली होती.

"एका टेबलाशी," तपासनिसांची पत्नी म्हणाली. "नाहीतर मी घरी जाते."

बहिणीने आपल्या मुलीला जवळ घेतले. "मामाला विचार, त्याला काय करायचंय."

नात फूटपाथ चालून दुसऱ्या टोकाला गेली. "मामा, आई विचारते तुला काय करायचंय."

"आईला सांग, मला जेवायचंय."

नात परत आली. "मामाला जेवायचंय."

"मामाला सांग, इथे आम्ही काही उपास करायला आलेलो नाही."

"अगं, ऐकू आलं मला," मामा लांबून म्हणाला. हे वाक्य त्याने भाचीला उद्देशून म्हटले.

तपासनिसांनी पिशवीतून तक्ता काढला. दुसऱ्या क्रमांकाचे, ब्याऐंशी गुणांचे उपाहारगृह चारशे मीटरवर होते. तेथे दहा जणांचे गोल टेबल होते आणि ते कोणी कापण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्याविषयी पत्रकात चांगलेच लिहिले होते. दोष फक्त दारातल्या तीन पायऱ्यांचा होता.

"मला भूक लागली," एक जुळा म्हणाला.

"बारा चाळीसपर्यंत थांब," तपासनीस म्हणाले.

"मलापण," दुसरा म्हणाला.

"तूसुद्धा बारा चाळीसच."

विहीणबाईंच्या गुडघ्यांमुळे चारशे मीटरला अठरा मिनिटे लागली. त्या वाटेत दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा बोलल्या. "आमच्याकडे जेवायला बोलावलं की आधी स्वयंपाक करतात. नकाशा काढत नाहीत." सून हे ऐकून गालात हसली आणि नणंदेने ते पाहिले, त्यामुळे नणंदेचा सासूवरचा राग भावजयीकडे वळला.

दुसऱ्या उपाहारगृहाला दार होते, पण दारापर्यंत जायची सोय नव्हती. तीन पायऱ्यांच्या जागी ओल्या सिमेंटचा लांबच लांब उतार पसरला होता आणि त्याच्या कडेला एक गवंडी थापी धुत बसला होता.

"पाय टाकू नका," तो म्हणाला. "कालच घातलंय. चोवीस तास अजून."

"पायऱ्या का काढल्या?" जावयाने विचारले.

"वरून नोटीस आली म्हणे. पायऱ्या धोकादायक, उतार करा. मालक घाबरलाय. म्हणाला, धंदा बंद राहू दे, पण उतार आठ दिवसांत झाला पाहिजे." गवंड्याने थापी झटकली. "पंधरा वर्षं लोक चढतायत या पायऱ्यांवरून, कोणी पडलं नाही. कुठल्या तरी रिकामटेकड्या माणसाला खुपलं असणार."

तपासनिसांनी वाकून उताराचा कोन डोळ्यांनी जोखला. तो बरोबर होता. हे सांगावेसे त्यांना वाटले, परंतु पत्नीचा चेहरा पाहून त्यांनी तक्ता उघडला. तिसरा क्रमांक, एकोणऐंशी गुण. तेथील एकमेव मोठा दोष गोंगाटाचा होता.

"बाबा, तिथंपण कागद देऊन आलात?" मुलाने विचारले.

"सगळीकडे एकच पद्धत ठेवावी लागते. नाहीतर तुलना कशी करणार?"

"कशाला करायची तुलना? दोन घास खायचे आहेत."

"म्हणूनच तुझ्या गाडीचे ब्रेक मला दर महिन्याला बघावे लागतात."

तिसरे उपाहारगृह उघडे होते. टेबले मोठी होती, पायऱ्या नव्हत्या, खिडक्यांतून उजेड येत होता आणि आत इतकी शांतता होती की चमचे ऐकू येत होते. जुळे धावतच दारापाशी गेले. तेथील बाई लगबगीने पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही हात आडवे केले.

"सॉरी हं. लहान मुलांना आत घेत नाही आम्ही."

"अहो, बाहेरच्या पाटीवर कुटुंबासाठी असं लिहिलंय," सून म्हणाली.

"ती काढायची राहिलीय. मागच्या आठवड्यात आवाजाबद्दल लेखी तक्रार आली. आवाजाचं उगमस्थान: मुले. असं स्पष्ट लिहिलं होतं, आकड्यासकट. आम्ही तरी काय करणार? खेळण्यांचा कोपरा काढला, छोट्या खुर्च्या देऊन टाकल्या." त्यांची नजर तपासनिसांवर गेली आणि ओळख पटताच त्या खुलल्या. "काका, तुम्हीच ना ते? बघा, किती शांत झालंय. तुम्ही या ना आत. मोठी माणसं चालतील."

"मोठी सातच आहेत," तपासनीस म्हणाले.

"मग तिघांना बाहेर बसवा."

पत्नी वळली आणि चालू लागली. ती कोणत्या दिशेने निघाली आहे हे तिलाही ठाऊक नव्हते. मुलगी तिच्या मागे गेली, मुलगा मुलीपासून योग्य अंतर राखून गेला, आणि तासाभराची पायपीट करून सगळे पुन्हा पहिल्याच दारात येऊन थडकले, कारण त्या रस्त्यावर दुसरीकडे कोठे जाता येतच नव्हते. एक वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. एक जुळा सुनेच्या खांद्यावर झोपला होता आणि दुसरा त्याचा हेवा वाटून रडत होता.

"चार, चार आणि दोन," पत्नी म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की पाणसळ ठेवली असती तर बुडबुडा मध्येच राहिला असता. "बसा कुठेही. मला आता काही बघायचं नाही."

मालक सुटकेचा निःश्वास टाकून गल्ल्याकडे गेला. गल्ल्यामागच्या भिंतीवर त्याने ते पत्रक काचेत मढवून लावले होते, म्हणजे पुढच्या अधिकाऱ्याला पूर्तता दाखवता यावी. मुलगी पाण्याचा ग्लास घेण्यासाठी तेथे गेली आणि वाचू लागली. वाचता वाचता तिने हातातला ग्लास खाली ठेवला.

"टेबलाला मधोमध सहा मिलिमीटर झोळ," ती हळूच वाचत होती. "दार घासते. प्रकाश अपुरा. एकंदर काम निष्काळजी. पूर्तता आठ दिवसांत करावी."

ती वळली. चार वर्षांत प्रथमच ती मुलीवाचून, आईवाचून, थेट भावाकडे पाहून बोलली.

"दादा, माझ्या नव्या घराबद्दल तू जो मेसेज पाठवला होतास, तो असाच होता."

भाऊ झोपलेल्या मुलाचा बूट काढत होता. तो तसाच थांबला. "हो."

"चौदा दोष. ओटा अडीच मिलिमीटर उतरता. निष्काळजी. पूर्तता आठ दिवसांत. मी पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलं आणि माझ्या भावानं त्याच्यावर हे लिहून पाठवलं. मी तीन दिवस रडले."

"मी टाईप केलं फक्त. सांगितलं बाबांनी. त्यांना मोबाइलवर लिहिता येत नव्हतं तेव्हा. मी म्हटलं खाली तुमचं नाव घालू का, तर म्हणाले, तपासणाऱ्याचं नाव घालत नाहीत."

"मग हे चार वर्षं का सांगितलं नाहीस?"

"तू फोनच ठेवलास. वर म्हणालीस, तुझ्या पोटात दुखतंय. मग मलाही राग आला. आणि बाबांना विचारायला गेलो असतो, तर त्यांनी आपल्या भांडणाचंच पत्रक काढलं असतं."

बहीण हसली. ते हसू फारसे चांगले नव्हते, पण ते दोघांचे होते. "तीन प्रतींत."

"कचेरीला एक."

"माझ्या दहावीच्या निकालाचं आठवतं? गणित अठ्ठ्याण्णव. शेरा काय, तर दोन गुणांची पूर्तता करावी."

"माझ्या लग्नाच्या मांडवाचा खांब काढायला लावला होता. वऱ्हाड उन्हात उभं."

"मला ठाऊक आहे," सून म्हणाली. "मी त्याच उन्हात होते." यावर नणंद तिच्याकडे पाहून हसली आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

तपासनीस हे सारे दोघांच्या टेबलावरून ऐकत होते. घर त्यांनी तपासले होते ते पोरीला पुढे त्रास होऊ नये म्हणून. ओटा खरोखरच उतरता होता. पाणी भिंतीकडे जात होते. हे सांगण्यासाठी ते अर्धवट उठले, पण त्यांच्या टेबलाकडे कोणी पाहत नव्हते. चौघांच्या त्या टेबलावर आठवणींना ऊत आला होता. जावयानेसुद्धा एक सांगितली, लग्नाआधी त्याच्या दातांविषयी केलेल्या टिपणाची. पलीकडच्या टेबलाशी विहीणबाई, झोपलेल्या जुळ्याला उठवून, तिन्ही मुलांना सूप देत कान टवकारून बसल्या होत्या.

"मी मुद्दाम केलं नाही," तपासनीस पत्नीला म्हणाले.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"ओटा उतरताच होता."

"असेल." ती मुलांकडे पाहत होती. मुलाने बहिणीच्या ताटात न विचारता भाजी वाढली, आणि बहिणीने ती न विचारता खाल्ली. तपासनिसांच्या पत्नीने आपले ताट उचलले, खुर्ची ओढली आणि ती त्या टेबलाच्या कोपऱ्याशी, दोघांच्या मध्ये नेऊन लावली. मुलगी थोडी सरकली, मुलगाही सरकला.

मालक धावत तपासनिसांपाशी आला. "साहेब, खुर्चीमुळे येण्याजाण्याची वाट अडली. हे चालेल का? की यांना उठवू?"

तपासनिसांनी खिशातून पेन काढले, पिशवीतल्या पत्रकांच्या कोऱ्या गठ्ठ्याकडे पाहिले आणि पेन पुन्हा खिशात ठेवले.

"चालेल," ते म्हणाले. "बसू द्या त्यांना."

चौघांच्या पहिल्या टेबलाशी पाच माणसे. दुसऱ्याशी चार. दोघांच्या टेबलाशी एक.