दुसऱ्या खिशातले चिंचोके

वाघमारे सर येताहेत हे आमच्या शाळेत आधी कानांना कळतं, कारण त्यांच्या खिशात चिंचोके खुळखुळत असतात. मोजण्याजोगं काही दिसलं की पँटच्या खिशातला एक चिंचोका सदऱ्याच्या खिशात जातो. मुख्याध्यापक एका सभेत सत्तावीस वेळा ‘म्हणजे’ म्हणाले, हे सरांनी त्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून सभा लवकर आटोपतात, आणि त्याबद्दल मी सरांची जन्माची ऋणी आहे.

“अंदाज सांगू नका बाई, मोजा,” हे त्यांचं पालुपद. स्वतः मात्र पाच मिनिटं खुर्चीत टिकत नाहीत. खडू आणायला म्हणून निघतात, कशाला निघालो ते विसरतात आणि माझ्याच वर्गात उगवतात.

त्यांच्या चौथीच्या वर्गात अश्विनी आहे. हुशार, पण नुसती भिंगरी. डॉक्टरांनी दिलेली सकाळची गोळी तिला खिचडीच्या सुट्टीपर्यंत पुरायची. मग पुन्हा बाकांवरून उड्या. तिची आई वैतागली होती. “किती गाऱ्हाणी ऐकू? यंदा जमलं न्हाई तर घरी बसवते पोरीला.”

शेवटी हिंगोलीच्या डॉक्टरबाईंनी दिवसभर पुरणारी कॅप्सूल पारखून पाहायचं ठरवलं. चार आठवडे. काही आठवडे खरी कॅप्सूल, काही आठवडे तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणती कधी, हे ना आईला ठाऊक, ना सरांना. सरांनी फक्त वहीत नोंद ठेवायची.

अश्विनी जागेवरून उठली की सदऱ्याच्या खिशात एक चिंचोका. औषधानं भूक मरते म्हणून खिचडीचे घाससुद्धा मोजून झाले. चार आठवड्यांत त्यांनी तिला एकदाही ‘खाली बस’ म्हटलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, “टोकलं तर बराबर कसं कळंल?” वीस वर्षं शिकवतेय, पण एका लेकराकडे इतकं निगुतीनं बघणारा माणूस मी पाहिला नव्हता. अधूनमधून एखादा चिंचोका पँटच्या दुसऱ्या, डाव्या खिशातही जायचा. तो कशाचा, हे मात्र सांगत नसत.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाई शाळेत आल्या. खऱ्या कॅप्सूलच्या आठवड्यांत अश्विनी शेवटच्या तासालाही बसली होती. बाकीच्या आठवड्यांत नाही.

“म्हंजी पोरगी मुद्दाम करत नव्हती?” आईनं विचारलं, आणि पदर डोळ्यांना लावला. “न्हाई काढत मी शाळेतून.”

डॉक्टरबाईंनी वहीवर बोट ठेवलं. “सर, ही दुसरी ओळ कोणाची?”

“माझी. तिच्यासंगं मी किती बार उठलो, ते बी मोजलं.” सर घुटमळले. “लहानपणी गुरुजी मला दाव्यानं खांबाला बांधायचे. समदे म्हणायचे, पोरगं वाह्यात हाय. मी बी तेच धरून चाललो. पण हिला पाहून वाटलं, एकदा विचारावं. मी खरंच वाह्यात होतो का, बाई?”

“नाही, सर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “अजिबात नाही.”

सर उठले आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. या वेळचा चिंचोका मोजायचा ते विसरले.