तुळजाबाईंनी वकील पाहिला

उत्तरेश्वरवर फौजदारी गुन्हा दाखल झाला, ही बातमी गावात कुणाला खरीच वाटेना. बावन्न वर्षांत त्याने कुणाला मोठ्याने हाकसुद्धा मारली नव्हती. गावच्या वाचनालयात बसून पुस्तकांना पुठ्ठे घालावेत आणि कुणी आलंच तर उठून स्वतःची खुर्ची द्यावी, एवढाच त्याचा गावाला उपद्रव.

पण त्या वाचनालयाला दोन ट्यूबलाइट मिळाव्यात म्हणून तो आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत बोलायला उभा राहिला. माइक पुढे येताच पाय लटपटले. आधाराला म्हणून त्याने माइकचा लोखंडी स्टँड धरला आणि स्टँडसकट तो ग्रामसेवकाच्या पायावर कोसळला. अंगठा मोडला. पोलीस ठाण्यात 'सरकारी कामात अडथळा व लोकसेवकावर हल्ला' अशी नोंद झाली. 'हल्ला' हा शब्द वाचून उत्तरेश्वरला स्वतःचाच धाक वाटू लागला.

“सोमवारपर्यंत अटकपूर्व जामीन घ्या,” हवालदाराने सांगितलं, “न्हाईतर आमाला तुमाला न्यावं लागंल.”

आता वकील हवा. गावाने बारा नावं सुचवली. उत्तरेश्वरला बाराही पटली. शेवटी त्याची थोरली बहीण तुळजाबाई नेकनूरहून शुक्रवारी पहिल्या बसने आल्या. त्यांनी आजवर एकवीस लग्नं जमवली होती, त्यातलं एकही मोडलं नव्हतं.

“वकील म्हंजे काय भाजी हाय व्हय, कुणी बी सांगितली आन् घेतली?” त्या म्हणाल्या. “माणूस घरी जाऊन बगावा लागतो.”

“अक्का, पण सोमवार...”

“तू गप बस. बोललास म्हणून तर ही पाळी आली.”

बीडला सत्यम नावाचा एक तरुण वकील होता. तिथे जीप निघाली. तुळजाबाई, उत्तरेश्वर, त्याची बायको मंगल, आणि कागदपत्रांची फाईल सांभाळायला नुकतीच कॉलेज संपवलेली मुलगी ऋतुजा. चारचौघांत जायचं म्हणून मंगलने तिला नवा ड्रेस घालायला लावला.

“गुन्ह्याचं आधी कुणी काढायचं न्हाई,” तुळजाबाईंनी जीपमध्येच बजावलं. “अडलेलं गिऱ्हाईक दिसलं की माणूस नीट बोलत न्हाई. आधी पारखू, मग सांगू.”

सत्यमचं ऑफिस घरातच, पुढच्या खोलीत होतं. त्याने उठून नमस्कार केला. तुळजाबाईंनी आपलं गाव, भावाचं नाव सांगितलं आणि बसायच्या आत सुरुवात केली.

“मूळ गाव कंचं तुमचं?”

“पाटोद्याजवळचं.”

“मामाकूळ?”

सत्यमने जरा चमकून मामाकूळ सांगितलं.

“तंबाखू? गुटखा?”

“नाही. चहा घेतो.”

“जरा उभं राहा बरं.” जजसमोर माणूस उभा कसा दिसेल, ते तुळजाबाईंना बघायचं होतं. “आता त्या खिडकीपतोर चालून दाखवा.”

“मी चालून दाखवू?”

“मग कोन, मी?”

सत्यम चालला. परत येताना त्याची नजर फाईल मांडीवर धरून खाली मान घालून बसलेल्या ऋतुजावर पडली, आणि त्याचे कान लाल झाले. ऋतुजा मान खाली घालून हसू दाबत होती.

“आवाज बारीक हाय जरा,” तुळजाबाई म्हणाल्या. “चिडता का लवकर?”

“अजिबात नाही.”

“का म्हून? थोडं चिडायला यावं.”

तीनदा उत्तरेश्वरने 'मला जामीन' एवढे शब्द जुळवले, आणि तिन्ही वेळा सत्यमच्या आईने समोर पोह्यांची बशी आणली. सत्यमने हळूच विचारलं, “ती फाईल... बघू का?”

“ती नंतर,” तुळजाबाई उठत म्हणाल्या. “आधी पसंती तर कळू द्या. उद्या सांगतो.”

जीपमध्ये त्यांनी निकाल दिला, “पोरगं चांगलं हाय. ह्योच करायचा.”

शनिवारी सकाळी उत्तरेश्वर फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून काढत होता, तोच दारात गाडी थांबली. सत्यम उतरला. मागोमाग त्याचे वडील राधाकिशन, आई रोहिणीबाई आणि किलोभर पेढे.

“तुमी सांगायची वाट बघितली न्हाई,” राधाकिशन म्हणाले. “आमाला पोरगी पसंत हाय.”

मंगल मटकन खाली बसली. तुळजाबाईंच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा शब्द फुटेना. उत्तरेश्वरला कळलं, की आता त्यालाच बोलावं लागणार. त्याने आधाराला काही धरलं नाही. दोन्ही हात मागे बांधले.

“माझ्यावर गुन्हा दाखल झालाय,” तो म्हणाला. “आमी... वकील बघायला आलतो.”

राधाकिशननी हातातला पेढा अर्ध्या वाटेवर थांबवला. “म्हंजे चालून दाखवलं ते?”

“कोर्टासाठी.”

“आन् तंबाखूचं?”

“ते अक्काला सगळ्यांनाच इचारायची सवय हाय.”

सत्यम मान खाली घालून उठला. तो निघाला तर सोमवारी आपण कोठडीत, हे उत्तरेश्वरला स्पष्ट दिसत होतं. पण त्याला थांबवायचं कोणत्या तोंडाने?

“थांबा,” आतल्या दारातून ऋतुजा म्हणाली. तिने फाईल सत्यमच्या हातात दिली. “आलाच आहात तर आधी आमच्या पप्पांचा जामीन करा. काम बघून मी कळवते.”

सोमवारी सत्यम न्यायालयात असा बोलला, की व्हरांड्यातले लोक आत डोकावून गेले. लोखंडी स्टँडचं वजन, आरोपीचं वजन, वाचनालयातला अंधार, काहीही सोडलं नाही. जामीन मिळाला. बाहेर आल्यावर त्याने घाम पुसत ऋतुजाकडे पाहिलं.

“छान बोललात,” ती म्हणाली. “पण हा नुस्ता जामीन झाला. पप्पा निर्दोष सुटू द्या, मग कळवते.”

पुढे आरोपपत्र आलं आणि खटला उभा राहिला. पहिल्याच दिवशी सरकारी वकिलांनी दोन महिन्यांची तारीख मागितली. सत्यम ताडकन उठला.

“माझी सक्त हरकत आहे! उद्याची द्या, साहेब. आज दुपारची द्या!”

आवाज आता बारीक राहिला नव्हता. आरोपीचा वकील तारीख नको म्हणतोय, हे त्या न्यायालयात कुणी कधी ऐकलं नव्हतं. टंकलेखकाची बोटं थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

“वकीलसाहेब, एवढी घाई कसली? तुमचा आरोपी तर बाहेरच आहे.”

“आरोपी बाहेर आहे, साहेब,” सत्यम हात जोडून म्हणाला. “मी अडकलोय.”