ड्रॅगनचा सातबारा

आमच्या गल्लीत दहावी-अकरावीचं कुठलंही पोर जिभाऊंच्या ओट्यावरून जाऊ लागलं, की त्याला चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. आज वार कोणता? तारीख कोणती? आपला तालुका कोणता? बापाचं नाव काय? सगळं बरोबर आलं तर जिभाऊ "जाय" म्हणत. एकदा माझ्या वैष्णवीने घाईत बुधवारचा गुरुवार केला, तर तिला ओट्यावर बसवून गूळ-पाणी दिलं आणि मला निरोप धाडला, "पोर हातमाईन जाई ऱ्हायनी."

जिभाऊ आमचे शेजारी, रिटायर तलाठी. निम्मी नोकरी धडगावकडे डोंगरात काढली, आता शहाद्याजवळ आमच्या गावात एकटेच राहतात. मुलगा सुरतेला असतो. सकाळी पेपर आला की पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. त्यात एके दिवशी त्यांनी वाचलं, की सोंग घेऊन खेळायच्या काल्पनिक खेळांमुळे मुलं खरं जग विसरतात, जेवणखाण सोडतात, एकलकोंडी होतात. त्या दिवसापासून ओट्यावरची ती परीक्षा सुरू झाली. आणि नेमकी वैष्णवी सुट्टीत पुण्याच्या मावसबहिणीकडून तसलाच खेळ शिकून आली होती.

खेळ काय, तर दर रविवारी दुपारी चार मुली आमच्या माडीवर बसतात. वैष्णवी गोष्ट सांगते, बाकीच्या तिघी गोष्टीतली माणसं होतात: जादूगारीण, धनुर्धारी आणि चोर. त्याला लागणारा वीस बाजूंचा फासा आमच्याकडे कुठे मिळणार? लोणच्याच्या बरणीत एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्यात. चिठ्ठी उचलायची, मोठा आकडा आला तर तलवार लागली. जेवण सोडण्याचं म्हणाल, तर एका लढाईत टोपलीभर शेंगा फस्त होतात. भाजून मीच देते, मला माहीत.

पण जिभाऊ ऐकतात होय! "ताई, पेपरमा येल शे." पेपरात आलंय म्हणजे खरंच, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांनी तिघींच्या बापांना गाठलं आणि तिघेही घाबरून खेळ बंद करायला निघाले. वैष्णवी रडकुंडीला आली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "जिभाऊ, जागावर न जाता अहवाल? हाई तलाठीले शोभस का?"

वर्मी लागलं. जिभाऊ सांगतील ते आम्हाला मान्य, असं बापांनी कबूल केलं, आणि रविवारी जिभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, वही-पेन घेऊन माडीवर हजर झाले.

"नुसतं बठता येत नही, जिभाऊ," वैष्णवी म्हणाली. "कोनतरी व्हा."

"मी तलाठी शे. दुसरं काय व्हऊ?"

झालं! ड्रॅगनच्या गुहेत तलाठी शिरले. जादूगारीण मंत्र म्हणू लागली तसा जिभाऊंनी हात वर केला. "थांब वं. आधी त्याले इचार, गुहा कोना नाववर शे? सातबारा दखाड म्हना."

ड्रॅगनकडे सातबारा कुठला असायला!

"मंग हाई अतिक्रमण शे," जिभाऊंनी निकाल दिला. वहीत पंचनामा लिहिला, चोराची पंच म्हणून सही घेतली आणि ड्रॅगनला आठ दिवसांत जागा खाली करायची नोटीस बजावली. चिठ्ठी उचलली तर अठरा! ड्रॅगन निमूट निघाला. पोरी हसून लोळत होत्या, आणि मी जिन्यात तोंडात ओढणी कोंबून उभी.

खजिना आता एका नदीपलीकडे होता. नदीवर एक नाववाली म्हातारी भेटली. वैष्णवीने म्हातारीचा आवाज काढून प्रत्येकाला विचारलं, "घर कोन वाट दखी ऱ्हायनं?" जादूगारीण म्हणाली, गुरू. चोर म्हणाला, पोलीस. जिभाऊ वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "मन्ही घरवाली. चुल्हाजोडे बठी व्हई. मी येवाशिवाय जेवस नही ती."

त्यांच्या बायकोला, आमच्या जिजींना, जाऊन तीन वर्षं झालीत. पोरींना ते चांगलं ठाऊक होतं, जिजींच्या हातची कळण्याची भाकर खाऊनच मोठ्या झाल्या त्या. मला वाटलं, वर जावं, चहाचं निमित्त करून विषय मोडावा.

वैष्णवीने खेळ थांबवला नाही. हळूच विचारलं, "भाजी काय करेल शे?"

"वांगानं भरीत," जिभाऊ म्हणाले. "मिरच्या जास्त टाकस ती."

मग धनुर्धारी उठली. "खजिना ऱ्हाऊ द्या. आधी जिभाऊले घर पोचाडूत." चिठ्ठीसुद्धा न उचलता सगळ्या माघारी वळल्या.

अहवाल बापांना तोंडीच मिळाला: "पोरी शुद्धीवर शेत. मी जास दर रविवारी, ध्यान ठेवाले."

तेव्हापासून खेळात ही मंडळी जिभाऊंच्या घराकडे चालतायत. घाट उतरला, दोन जंगलं मागे पडली. गेले तीन रविवार ते गावाच्या वेशीवर आहेत. तिथून घर दिसतं, चुलीचा धूर दिसतो. पन्नास पावलं चाललं की दार. आणि तिथे जिभाऊ चष्मा काढून पुसत बसतात. मग म्हणतात, "पोरी थकी गय्यात. आज आठेच, वेशीवर, मुक्काम करूत."

दिवसभर गावभर हुंदडणाऱ्या त्या चौघी एका सुरात म्हणतात, "हा जिभाऊ, लई पाय दुखी ऱ्हायनात."