हाकेविना मेलेल्या वेणाईंची हकिकत

श्रीगणेश आणि सरस्वती यांस नमन असो, आणि पडद्याआड जे जे निजले त्यांस शांती असो. शके १७०१ विकारी नाम संवत्सरे, एका राज्यात महाराजांस गायनी नाटकांचा भारी षोक. त्या नाटकांत नायिका मरे ती गाऊनच मरे, आणि तिचे मरण संपेतो समया विझत. ही मरणे वेणाई नामे गायिका मरत असत. चाल ऐसी की, पडदा पडताच वृद्ध दासी धोंडाऊने "वेणाई, ऊठ, घरी चल," म्हणोन हाक द्यावी, आणि वेणाईंनी "आले" म्हणोन उठावे. हाकेविना उठो नये.

मग वेणाईंचे भ्रतार निंबाजी चितारी, बायकोच्या रोजच्या मरणास कंटाळून, थट्टेचा खेळ रचिते जाहले. पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे फिरते चाक, चाकावर चित्रे, आणि आड बसून वेणाईंचे गाणे. चित्रातली नायिका विष पिऊन गाई, खंजीर खाऊन गाई, आणि गडावरून उडी घेतली तरी अधांतरी थांबून तान पुरी करी; मारेकरी जांभया देई, वैद्य घोरू लागे, आणि रडणारे म्हणत, "बाई, आटप आता!" हसता हसता महाराजांचे पागोटे पडले, आणि दरबारही हसला, राजा बोले, दळ हाले. खेळ सरला, आणि धोंडाऊ हाक देऊ गेली तो निंबाजी बोलिले, "अगं आऊ, मेले ते चित्र. चित्रास कोण हाक मारतो?" सभा पुन्हा हसली. मग दिवा मालविला, आणि पाहतात तो वेणाई आड निपचित, डोळे उघडे. आणि पडद्यावर, दिवा नसता, चित्र तैसेच उभे, ओठ हालताहेत. धोंडाऊने वेणाईंच्या कानाशी हाका दिल्या, उत्तर नाही. मग ती निंबाजींस बोलिली, "आता तूच दे रे बाबा. तुझ्या हातानं मेली ती." निंबाजींनी रडत पडद्यास तोंड लाविले आणि हाक दिली, "वेणाई, ऊठ. घरी चल गं." "आले," ऐसा शब्द उमटला, तो पडद्यातून. आडच्या वेणाईंचे डोळे मिटले, पडदा कोरा जाहला, आणि निंबाजींचे हाती हात आला तो शाईने ओला.

वेणाईंच्या देहास अग्नी दिला, आणि पडद्यातून आली तीस घेऊन निंबाजी घरी गेले. ती रांधते, वाढते, गातेही गोड. महाराज संतुष्ट आहेत. परंतु तिच्या रेषा पुसट होतात, म्हणोन निंबाजी रोज सकाळी कुंचला घेऊन, वेणाईंचा चेहरा आठवून, तिचा पुन्हा काढितात. अलीकडे वेणाईंचे नाक कैसे होते, हे धोंडाऊस विचारितात. धोंडाऊ तोंड फिरवून म्हणते, "आता मलाही हिचंच आठवतं रे बाबा."

येणेप्रमाणे घडले तैसे लिहिले. उणे अधिक असेल ते हसणारांचे, आमचे नव्हे.