इंद्रभानचं विमान आणि घरची चूल

घरचं माणूस परगावी निघालं की ते पोचेस्तोवर चूल पेटवायची नाही, ही आवडाबाईंच्या माहेरची रीत. शिरपुरात ती पाळणं काही कठीण नव्हतं. माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं, तर वांगी घेऊन वाशीमच्या बाजाराला. पण चौऱ्याहत्तर साली इंद्रभानला लंडनच्या कारखान्यात नोकरी लागली आणि पंचाईत झाली ती त्याच्या बापाची. गुलाबरावांना भूक मुळीच सोसत नसे. पोरगा मुंबईला पोचेपर्यंतचं त्यांनी मळ्यातल्या मुळ्यांवर निभावलं होतं.

आज विमान होतं. सकाळी सातला निघून बाराला लंडन, असं इंद्रभान सांगून गेला होता. शाळेची बाराची घंटा झाली तसे गुलाबराव चुलीपुढं येऊन बसले.

"पोचला तुहा लेक. टाक भाकर."

दोन भाकरी झाल्या, तिसरी तव्यावर पडली, आणि नेमके पंजाबराव मास्तर मेथी न्यायला आले.

"मास्तर, पोट्टं उतरलं लंडनात!"

"पाच घंट्यात? साडेचार हजार मैल हाय ते!"

गुलाबरावांचा हात भाकरीवरच थांबला. अकोला पन्नास मैल, यष्टीला तीन तास. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला, तो अकरा दिवसांवर गेला. "अकरा दिवस?" ते ओरडले.

"तेवढं नाही," मास्तर म्हणाले, "साडेदहा घंटे. तिथं बारा वाजतीन तवा आपल्या इथं साडेपाच. सूर्य आपल्याकडं आधी उगवते ना."

"म्हंजे पोरगं आत्ता कुठी हाय?" आवडाबाईंनी विचारलं.

"वर. हवेत."

आवडाबाईंनी तवा उतरवला, चुलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि झालेल्या भाकरी गाईपुढं टाकल्या.

"अवं, गाईले कायले? मी व्हतो ना!"

"पोरगं वर लटकून राह्यलं अन् तुमाले भाकर सुचते?"

"वहिनी, वाटेत तेल भराले थांबते ते," मास्तरांनी आपला धीर म्हणून सांगितलं. झालं! इंद्रभान एकदा चहा प्यायला उतरला होता आणि यष्टी त्याला टाकून गेली होती.

"तसंच इमान गेलं निघून, तर?" आवडाबाई म्हणाल्या.

घड्याळ एकट्या मास्तरांच्या मनगटावर. त्यामुळं त्यांना कोणी घरी जाऊ दिलं नाही. ते बिचारे मेथीची जुडी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले.

साडेपाचला त्यांनी जाहीर केलं, "उतरला."

चूल पेटली. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. गुलाबरावांनी पहिला घास मोडला आणि तो हातातच राहिला.

"तिथं पोट्ट्याले भाकर कोन देईन वं?" त्यांनी ताट सरकवलं. "त्याचं पत्र आल्याबिगर मी जेवत नसतो."

आवडाबाईंनी मास्तरांकडं पाहिलं.

"भाऊ, तिकून पत्र याले किती दिवस लागतात?"

"दहा-बारा तरी."

गुलाबरावांनी डोळे पुसले. मग त्यांनी ताट पुन्हा जवळ ओढलं.

"रस्सा वाढ," ते म्हणाले.