खिडकीजवळची खुर्ची

जे दिसत नाही ते नसतं, या पायावर जगातली सगळी सुव्यवस्था उभी आहे. (हवेचा तेवढा अपवाद, तिच्याशिवाय बोलता येत नाही.) आमच्या घरात खिडकीजवळची आरामखुर्ची याच तत्त्वावर चालते. जो आजारी, त्याची खुर्ची. शिवाय आयता चहा आणि घरभर शांतता. पात्रता तीनच: सूज, ताप किंवा रक्त. आजवर एकही खोटा रोगी खुर्चीपर्यंत पोचलेला नाही.

माझी धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. काही महिन्यांपूर्वी ती रोज सकाळी एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन पलंगावर नुसती बसून राहू लागली.

"दादा, कशातच मन रमत नाही रे. थोडे दिवस ती खुर्ची देशील?"

मी नियमाप्रमाणे सूज कुठे आहे ते विचारलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. मेंदूतल्या पेशींची निरोपांची देवाणघेवाण बिघडते, ताणाची यंत्रणा चालूच राहते. एक रसायन कमी पडलं, इतकं सोपं नाही ते. गोळ्यांना काही आठवडे द्या, आणि तिला विश्रांती द्या."

आमचं घर विज्ञानवादी आहे. काकांनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला, "निरोप पोचत नसेल तर मोठ्यानं बोलायचं." तेव्हापासून "हसत राहा" हे तिला दोन खोल्यांपलीकडून सांगितलं जाऊ लागलं. आईनं रक्ततपासणीतला आकडा मागितला. असा आकडा नसतो म्हटल्यावर आजारही नसल्याचं ठरलं. घरातल्या पाचांपैकी सहा जणांचं (शेजारीण धरून) यावर एकमत झालं. पुढे एकदा धाकटी मांजराकडे बघून हसली, तेव्हा ती बरी झाल्याचं जाहीर करून आईनं गोळ्या कपाटात ठेवून दिल्या.

मग तेच मांजर जिन्यात तिच्या पायात आलं आणि पाय मोडला. प्लास्टर बघून सगळ्यांच्या जिवात जीव आला. काकांनी स्वतः खुर्ची पुसली. आवाज आपोआप खाली आले. आई तिच्या केसांतून हात फिरवत रडलीसुद्धा. "किती सोसलंय गं पोरीनं," म्हणाली.

"हाडाला सहा आठवडे दिलेत," धाकटी मला हळूच म्हणाली. "तेवढ्यात मेंदूचंही बघते. डॉक्टरीणबाईंशी बोललेय मी. कपाटातल्या गोळ्या आण."

मी आणल्या. (नियमात बसत नव्हतं; पण खुर्चीतल्या माणसाचं ऐकावं, असाही नियम आहे.)

आता ती कशी आहे, असं येणारा-जाणारा विचारतो, तुम्हीही विचाराल. हाड छान जुळलंय, पळतेसुद्धा.

तुम्ही पायाचंच विचारत होतात ना?