सुनेच्या माहेरचा मासा

"विकतचा मासा पाठवायला मी काय हातपाय गमावून बसलोय?"

तोकुझो शिगेमात्सुने हा सवाल टाकला, तेव्हा त्याच्या एका हातात गिऱ्हाइकाचा कान होता आणि दुसऱ्या हातात वस्तरा. गिऱ्हाइकाने ताबडतोब होकार दिला. मान हलवून नव्हे, एवढा काही तो मूर्ख नव्हता. नुसत्या पापण्या मिटून!

गेनकाई समुद्राकाठच्या आमच्या किझाकी गावात सलून एकच, ते तोकुझोचं. तिथे सकाळी निघालेली गोष्ट दुपारी बंदरावर पोचते आणि संध्याकाळी दुप्पट होऊन परत येते. त्या दिवशीची गोष्ट तर तिप्पट होऊन आली!

झालं होतं असं, की तोकुझोच्या मुलाचं, शुहेईचं, त्याच वर्षी लग्न झालं होतं. सून चिहारु लांब तोयामाची. आणि आमच्याकडे रीत म्हणजे रीत: लग्नानंतरची पहिली वर्षअखेर आली की वरपक्षाने सुनेच्या माहेरी अख्खा बुरी मासा धाडायचा. नाव बुरी, पण मासा सोन्यासारखा. त्याच्यासोबत पत्र लागत नाही. मासाच सांगतो, की तुमची पोरगी आम्हाला पसंत पडली. आणि मासा गेलाच नाही तर? तर मग तो न जाताही बरंच काही सांगतो!

सगळे लोक मासा दुकानातून मागवतात. पण तोयामा म्हणजे बुरीचं माहेरघर. "तिथे दुकानातला मासा पाठवायचा म्हणजे हलवायाच्या घरी पेढे न्यायचे!" तोकुझो म्हणाला. "मी किनाऱ्यावर उभा राहून, जिवंत आमिष लावून, स्वतःच्या हाताने धरलेला मासा पाठवणार. खडकाला लागून हिंडणारा बुरी म्हणजे पैलवान असतो, पैलवान!"

"अहो, डिसेंबर आहे," बायको मित्सुयो म्हणाली. "नववर्षाआधी गावाला केस कापायचे असतात. सलून कोण बघणार?"

"एका सकाळचं तर काम आहे!"

मित्सुयोने वर बघून सुस्कारा सोडला. तीस वर्षांच्या संसारात तिने अशा 'एका सकाळी' पुष्कळ पाहिल्या होत्या.

तोकुझोने सोबतीला घेतलं देवळातल्या एन्शो महाराजांना. आता गळ टाकणाऱ्यांत अशी समजूत आहे, की रिकाम्या हाताने परतणारा माणूस म्हणजे 'भिक्षू'. तेव्हा खराखुरा भिक्षू बरोबर नेणं म्हणजे मांजर आडवं जाऊ नये म्हणून मांजर कडेवर घेऊन निघण्यासारखं. पण दुसरं कोणी मोकळंच नव्हतं. शिवाय महाराजांना समुद्राची भारी आवड. जीवहत्या नको म्हणून ते गळाला हात लावत नसत. फक्त मासा वर घ्यायचं लांब दांड्याचं जाळं धरत. "पाप तुझं, जाळं माझं," असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या सकाळी तोकुझोने बारक्या गळांनी बादलीभर छोटे बांगडे पकडले. बादलीत हवेचा पंप बुडबुडत होता, बांगडे गोल गोल फिरत होते. त्याने एकाच्या पाठीत गळ अडकवला, समुद्रात सोडला आणि ऐटीत खडकावर बसला. जरा वेळाने दुसरा बांगडा घ्यायला मागे हात घातला, तर बादली रिकामी! बादलीशेजारी एक करडा बगळा उभा होता. गळा चांगला फुगलेला. चेहरा मात्र महाराजांपेक्षा शांत!

"महाराज! तुम्ही बघत काय होतात?"

"मला वाटलं, तुझा पाळलेला आहे. किती हक्काने खात होता!"

दुसऱ्या दिवशी बादलीवर झाकण आलं. त्या दिवशी गळ वर ओढला, की बांगडा हजर आणि त्याची मान गायब! दहा हातांचं माकुळ खाली बसून एकेकाचा समाचार घेत होतं. तिसऱ्या दिवशी खरोखरच काहीतरी मोठं लागलं, सरसरत दोर घेऊन खडकांत शिरलं आणि दोर तटकन तुटला. तोकुझोच्या हातात काठी उरली आणि तोंडात असे शब्द, की महाराजांनी जपमाळ काढली.

इकडे गावात हाहाकार! सलूनला कुलूप. वर्ष संपत आलेलं आणि सगळ्यांच्या मानेवर केस. पोस्टमास्तर तर पाठमोरे ओळखूच येईनात. जो तो तोकुझोला रस्त्यात गाठून विचारी, "काय, आला का मासा?" मासा आल्याशिवाय आपले केस कापले जाणार नाहीत, हे आता पोराटोरांनाही कळलं होतं. एकटे एन्शो महाराज गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे, "माझी काही घाई नाही!"

तिसऱ्या संध्याकाळी तोकुझो घरी आला तो तापलेला. दार आपटून ओरडला, "मासा नाही! अजून मासा नाही! वर्ष संपत आलं. गावाला काय तोंड दाखवू? लग्नाच्या पहिल्याच वर्षी ही गत!"

स्वयंपाकघरात चिहारुच्या हातातला मुळा गळून पडला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तोकुझोच्या घरात चिहारुखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. तोयामाकडेही लग्नाच्या पहिल्या वर्षअखेरीला बुरी पाठवतात. फक्त तिकडे तो मुलीचा बाप मुलाच्या घरी पाठवतो! आमच्या लोकांना वाटतं, आपली रीत म्हणजे साऱ्या जगाची रीत. त्यांच्या लोकांनाही तेच वाटतं. त्यामुळे कुणी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

भेट तिच्याच माहेरी जायची, म्हणून सासरे गळ टाकायला जातात हे चिहारुला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला सगळा उलगडा झाला. सासरे रोज काम टाकून समुद्राकडे बघत बसतात, ते माहेरचा मासा आला नाही म्हणून! तिने नवऱ्याला एकीकडे घेतलं.

"अहो, बाबा माशावरून रागावलेत का?"

शुहेई वर्तमानपत्रातून बाहेर न येता म्हणाला, "हो ना. पहिल्या वर्षी मासा वेळेवर पोचायला हवा. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न असतो."

चिहारुने माहेरी फोन लावला आणि रडत रडत सांगितलं, "अप्पा, काहीही करा, पण मासा पाठवा!"

पुढचे दोन दिवसही रिकामे गेले. सहाव्या दिवशी तोकुझो पुन्हा खडकावर. थंडीने नाक लाल झालेलं. त्याने देवाचं नाव घेऊन धडधाकट बांगडा सोडला. बराच वेळ काही नाही. मग अचानक तो बांगडा सैरावैरा पळायला लागला. काठीचं टोक थरथर थरथर! खाली कोणीतरी मोठं आलं होतं.

"थांब," तोकुझो स्वतःलाच म्हणाला. "गिळू दे. गिळू दे रे..."

बांगडा पाण्याबाहेर उडाला, त्याच्यामागे पाणी फुगलं, आणि दोर असा धावला की काठीच्या चक्रातून किंचाळी निघाली! तोकुझोने झटका दिला. माशाने त्याहून मोठा दिला. तोकुझो गुडघ्यांवर आला, मग पोटावर, आणि पोटावरूनच खडकाच्या काठाकडे निघाला!

"महाराज! धरा!"

"काय धरू?"

"मला धरा!"

महाराजांनी जाळं बाजूला टाकून त्याचा पट्टा धरला आणि घाबरून मोठमोठ्याने मंत्र सुरू केले.

"मंत्र कसले म्हणताय! मासा अजून जिवंत आहे!"

"माशासाठी नाही, तुझ्यासाठी म्हणतोय!"

मासा डावीकडे पळाला की हे दोघे डावीकडे, उजवीकडे पळाला की उजवीकडे. तोकुझोचे हात भरून आले, पट्टा तुटला, पॅन्ट एका हाताने आणि काठी दुसऱ्या हाताने सावरायची पाळी आली. शेवटी मासाच दमला. महाराजांनी डोळे मिटून जाळं खाली घातलं आणि उघडून बघतात तो आत निळ्या पाठीचा, पिवळ्या पट्ट्याचा बुरी!

तोकुझो खडकावर बसकण मारून लहान पोरासारखा हसला. मासा मिळाला म्हणून तर हसलाच, पण खरं म्हणजे सुटलो म्हणून हसला. चिहारुला तो तोंडावर कधी बरं म्हणाला नव्हता. आमच्याकडच्या बाप्यांना ते जमतच नाही. जे बोलायचं ते या माशानेच बोलायचं होतं, आणि मासा येत नव्हता. त्या पोरीचा चेहरा रोज उतरत चाललेला त्याला दिसत होता. आता काळजी नाही!

तो मासा खांद्यावर टाकून, एका हाताने पॅन्ट धरून, मुद्दाम बाजारातल्या लांबच्या रस्त्याने घरी निघाला. केसाळ गावाने टाळ्या वाजवल्या. पोस्टमास्तर तर "आता कात्री!" म्हणून ओरडले.

दार उघडलं. दारात भलामोठा पांढरा खोका. खोक्यात बर्फ. बर्फात बुरी! तोकुझोच्या बुरीने ज्याला वाकून नमस्कार करावा, एवढा थोरला! आणि शेजारी जमिनीला कपाळ टेकून चिहारु.

"बाबा, अप्पांनी पाठवलाय. उशीर झाला, माफ करा!"

तोकुझोच्या डोक्यात चक्रं फिरली आणि चुकीच्या जागी थांबली. म्हणजे आपली फजिती तोयामापर्यंत गेली तर! तुम्हाला जमत नाही ना, मग घ्या आमच्याकडचा, असं होय?

"हा टोमणा आहे!" तो गरजला. "नको आम्हाला यांचा मासा! परत पाठव!"

चिहारु पांढरी फटक पडली. मासा परत! ज्या घराने मासा ठेवला नाही, ते मला काय ठेवणार? ती उठली आणि वर गेली. थोड्याच वेळात वरून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"अहो, काय बोलून बसलात!" मित्सुयो म्हणाली. "ती निघाली! आधी मासा खाली ठेवा आणि व्याह्यांना फोन लावा. आत्ताच्या आत्ता!"

तोकुझोने मासा खाली ठेवला, फोन उचलला. पलीकडून व्याही होरिकावा घाईघाईने बोलू लागले.

"व्याहीबुवा, मासा पोचला का?"

"पोचला! आणि त्याचा अर्थही पोचला!"

"काय तोंडाने माफी मागू? यंदा आमच्या समुद्रात मासाच लागत नव्हता हो. रोज लिलावात जाऊन उभा राहत होतो. आणि पोरगी सांगते, सासरे जेवणखाण सोडून खडकावर जाऊन बसतात. हिने तर हायच खाल्ली. आम्हाला वाटलं, तुम्ही रागाच्या भरात जिवाचं काही..."

"जिवाचं? अहो, मी मासा धरायला बसलो होतो!"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्हाला पाठवायला!"

"आम्हाला? मासा तर आम्ही पाठवायचा! मुलीच्या बापाने!"

"छे छे! मुलाच्या बापाने!"

 मित्सुयो कपाळाला हात लावून पायरीवर बसली.

"म्हणजे," तोकुझो हळू आवाजात म्हणाला, "हा टोमणा नव्हता?"

"टोमणा? हात जोडून पाठवलाय हो तो! पोरीला सांभाळून घ्या म्हणून. आणि तुमचा मासा? तो काय म्हणून?"

"तो... ते मासाच सांगतो."

"काय सांगतो?"

तोकुझोने मित्सुयोकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. मासा तोंड वासून पडला होता, पण बोलत नव्हता. शेवटी तोकुझोलाच बोलावं लागलं.

"हेच, की... पोरगी चांगली आहे. फार चांगली आहे. सलूनच्या टॉवेलांची अशी घडी घालते, की गिऱ्हाइकाला तोंड पुसायची लाज वाटते. आमच्या हिचे गुडघे दुखतात तर न सांगता पाणी तापवून ठेवते. ती आल्यापासून मी संध्याकाळी लवकर घरी येतो. गेली तर... जाऊ नये तिने. एवढंच."

जिना करकरला. वरच्या पायरीवर चिहारु बॅग घेऊन उभी होती. ती तिथेच मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. फोनमधून होरिकावांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. तोकुझोच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि नेमका त्याच क्षणी त्याच्या हातून पॅन्टही सुटली. पण त्याकडे त्या वेळी कुणीच लक्ष दिलं नाही!

तोयामाचा मासा सगळ्या गल्लीने मिळून खाल्ला. तोकुझोचा मासा बर्फात घालून तोयामाला गेला. सलून उघडलं आणि गाव माणसात आलं.

दोन दिवसांनी भर गर्दीत होरिकावांचा फोन आला. तोकुझोचे दोन्ही हात साबणात. चिहारुने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"व्याहीबुवा, पोचला! हिने आधी देव्हाऱ्यापुढे ठेवला. चव तर काय सांगू! फक्त एक... जाऊ द्या."

"बोला की!"

"काही नाही हो. आमच्याकडे या मापाच्या माशाला अजून बुरी म्हणत नाहीत. गान्दो म्हणतात. आणखी वाढला, की मग बुरी. पण भावना पोचल्या!"

सलूनमध्ये बसलेल्या साऱ्यांच्या माना वळल्या. तोकुझोचा चेहरा साबणाच्या फेसासारखा बसत गेला. तेवढ्यात चिहारुने टॉवेल खाली टाकला आणि फोनवर वाकून ठणकावलं,

"अप्पा, तुमच्याकडे काय म्हणायचं ते म्हणा! आमच्याकडे याला बुरीच म्हणतात!"

 पलीकडून होरिकावा म्हणाले, "बरं बाई. बुरी तर बुरी."

तोकुझो पाठ फिरवून, आधीच धार असलेल्या वस्तऱ्याला पुन्हा धार लावत राहिला.

आता खरं सांगायचं, तर त्या मापाच्या माशाला आमच्याकडेही बुरी म्हणत नाहीत. म्हणजे तोवर म्हणत नव्हते!